मंडळीतल्याच माणसानं दुखवलं तर? – वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये एकच विषय परत परत आलाय, मंडळीतल्या, म्हणजे आपल्याच चर्चमधल्या माणसांनी दुखवल्याचा. बाहेरच्या कोणी केलं असतं तर एवढं लागलं नसतं असं जवळजवळ प्रत्येकानं लिहिलंय आणि ते अगदी खरं आहे. तीन पत्रं निवडलीत, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. पहिलं उत्तर लांबलंय कारण त्यात सांगण्यासारखं बरंच होतं.

प्रश्न 1

ताई, सलाम. मी आमच्या मंडळीच्या महिला मंडळात बरीच वर्षं काम करते. नाताळाच्या आधी चर्चच्या आवारात फनफेअर झालं, त्यात पिठलं-भाकरीचा स्टॉल माझ्याकडे होता. रात्री सगळे गेल्यावर मी बसून दहाच्या, वीसच्या नोटा वेगळ्या केल्या, रबर लावलं, पाकिटावर रक्कम लिहून सही केली आणि खजिनदारबाईंच्या हातात दिलं. पुढच्या मीटिंगला आमच्या सेक्रेटरीबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, गर्दी तर एवढी होती, मग पैसे एवढेच कसे? कोणी काही बोललं नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. नंतर कळलं की माझी पाकिटं दोन होती आणि त्यातलं एक कपाटातच राहून गेलं होतं. हिशोब जुळला. पण सेक्रेटरीबाई एवढंच म्हणाल्या की अगं मी सहज विचारलं, तू मनाला लावून घेतलंस. तेव्हापासून मी महिला मंडळ सोडलंय आणि रविवारी दुसऱ्या मंडळीत जाते. मिस्टर म्हणतात सोडून दे. पाळकसाहेब म्हणाले क्षमा करा, आपण ख्रिस्ती आहोत. पण त्यांनी माफीच मागितली नाही तर मी क्षमा कशाची करू? आणि मनात हे असताना प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) घ्यावं का?
– एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर

ताई, तुम्हाला लागलं यात नवल काहीच नाही, आणि "मनाला लावून घेतलंस" हे तर त्याच जागी परत लागण्यासारखं आहे, कारण त्यात झालेली चूक उचलून तुमच्याच पदरात टाकलीय. पैशाचा आळ चारचौघांत येणं ही साधी गोष्ट नाही, त्यातून आपल्या मंडळीत, जिथे पुढची तीस वर्षं त्याच बायकांबरोबर बसायचंय, मुलांची लग्नं करायचीत, मयताला जायचंय. तेव्हा एवढ्याशा गोष्टीवरून काय असं जर कोणी तुम्हाला म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका.

सगळे क्षमा कर म्हणतायत ते चुकीचं नाही पण फार घाईनं म्हणतायत. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायातला दाखला आपल्या सगळ्यांना पाठ आहे, राजानं चाकराचं दहा हजार टॅलेंटचं कर्ज सोडून दिलं आणि तोच चाकर बाहेर जाऊन शंभर दीनारांसाठी सोबतीच्या चाकराचा गळा धरतो. उपदेशात बहुतेक वेळा ते शंभर दीनार म्हणजे चिल्लर असं सांगतात. पण दोनच अध्याय पुढे द्राक्षमळ्याचा दाखला बघा, तिथे मजुराची दिवसाची मजुरी एक दीनार ठरलीय. म्हणजे शंभर दीनार ही शंभर दिवसांची मजुरी झाली, तीन महिन्यांच्या वर. रोजंदारीवर जगणाऱ्याच्या घरातले तीन महिन्यांचे पैसे अडकले तर ते चिल्लर होत नाहीत. येशूने त्या माणसाचं नुकसान शून्य धरलेलंच नाही! नुकसान खरं आहे हे धरूनच तो बोलतो आणि मग ते राजाने सोडलेल्या रकमेशेजारी ठेवतो, एक टॅलेंट म्हणजे साधारण सहा हजार दीनार, दहा हजार टॅलेंट म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, सात पिढ्यांत फिटायची नाही. म्हणून क्षमा करायची म्हणजे "काही झालंच नाही" असं म्हणायचं, असा अर्थ काढू नका. झालंय. तुमचे शंभर दीनार गेलेत. त्यावर काय करायचं हा पुढचा प्रश्न.

आणि त्याच अध्यायात, दाखल्याच्या थोडं आधी, 15 व्या वचनात, काय करायचं ते अगदी सरळ सांगितलंय. तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि तुम्ही दोघंच असताना त्याचा अपराध त्याला दाखव. जा, असं म्हटलंय. तो येईपर्यंत वाट बघ असं नाही, त्यानं माफी मागेपर्यंत थांब असंही नाही. आपल्याकडे बरोबर उलटं चालतं. आधी मिस्टरांना सांगतो, मग बहिणीला फोन, मग जावेला, मग शेजारच्या सिस्टरला, आणि शेवटी बुधवारच्या प्रार्थनासभेत तो "प्रार्थनेचा विषय" होतो, सिस्टर, प्रार्थना करा हं, कोणाला सांगू नका. आठ दिवसांत अख्ख्या मंडळीला माहीत असतं, फक्त जिच्यामुळे दुखावलो तिलाच कोणी समोर बसून सांगितलेलं नसतं. तुमच्या सेक्रेटरीबाईंना कदाचित आजही वाटत असेल की त्यांनी खरंच सहज विचारलं. तुम्ही मंडळी सोडलीत याचं कारण त्यांना कोणाकोणाच्या तोंडून वेगवेगळं कळलं असेल.

सहनशीलतेबद्दल आपला एक गैरसमज आहे तो इथेच बोलते. सहन करणं म्हणजे तोंड मिटून आतल्या आत कुढणं, असं आपल्या घराघरांत शिकवलं गेलंय, बायकांना तर जास्तच. पण करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 13 व्या अध्यायात, जो आपण लग्नांमध्ये वाचतो, प्रीती सहनशील आहे असं प्रेषित पौल करिंथच्या मंडळीतल्या ज्या लोकांना लिहितो ते एकमेकांना कोर्टात खेचत होते (सहावा अध्याय काढून बघा), मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा असे त्यांचे गट पडले होते, आणि प्रभुभोजनाला जमल्यावर काही जण पोटभर खाऊन मोकळे व्हायचे आणि गरीब उपाशी राहायचे. नवरानवरीसाठी तो अध्याय लिहिलेला नाही, तो भांडणाऱ्या मंडळीसाठी लिहिलाय, आणि लिहिणारा स्वतः गप्प बसलेला नाही, सोळा अध्याय स्पष्ट बोललाय. बोलायचं पण समोरच्याला तोडायचं नाही, त्यानं समजून घ्यायला वेळ लावला तर तो वेळ द्यायचा, ही त्यातली सहनशीलता.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. वॉट्सअॅपवर लिहू नका, ग्रुपवर तर अजिबातच नको, तिथे शब्द राहतात आणि सूर निघून जातो, शिवाय स्क्रीनशॉट फिरतात. आधी फोन करून फक्त एवढंच म्हणा की मला तुमच्याशी थोडं बोलायचंय, दुपारी घरी येऊ का. उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर नको, तिथे दहा कान असतात. त्यांच्या घरी सुनबाई, पाहुणे असतील तर परत येते म्हणा. बसल्यावर एकच गोष्ट बोला, त्या मीटिंगमधली. "तुम्ही नेहमीच असं करता" हे वाक्य आलं की संपलं, मग मागच्या पिकनिकपासूनचं सगळं निघतं. साधारण असं म्हणता येईल: "बाई, त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर पैशाचं विचारलंत ना, तेव्हा मला असं वाटलं की सगळ्या मला चोर समजतायत. नंतर पाकीट सापडलं पण ते ज्यांच्यासमोर विचारलं त्यांच्यासमोर कोणी सांगितलं नाही. ते राहिलंय माझ्या मनात." आणि मग थांबा. त्यांना बोलू द्या. कदाचित त्या रडतील, कदाचित चिडतील, कदाचित त्यांचंही काही निघेल जे तुम्हाला माहीत नाही.

हे शेवटचं महत्त्वाचं आहे, की ज्यांच्यासमोर विचारलं त्यांच्यासमोर सांगितलं जावं. हे मागायला लाजू नका. यात सूड नाही, हिशोब पूर्ण होण्यासारखं आहे ते. पुढच्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये दोन ओळी, स्टॉलची पूर्ण रक्कम मिळाली, एक पाकीट कपाटात राहिलं होतं, एवढं आलं तरी पुष्कळ. आणि या निमित्ताने महिला मंडळाने एक पद्धत घालून घ्यावी असं मी सगळ्याच मंडळ्यांना सांगीन, पैसे मोजताना दोघी असाव्यात, दोघींच्या सह्या, आणि घेणारीनं तिथल्या तिथे पावती द्यावी. अर्धी भांडणं अशा ठिकाणी होतात जिथे कोणाचीच नियत वाईट नसते, फक्त कागद नसतो.

समजा गेलात आणि त्यांनी ऐकलंच नाही, तर 16 वं वचन आहे, आणखी एकदोघांना बरोबर घे. कोणाला घ्यायचं ते नीट ठरवा. तुमची बाजू घेणारी मैत्रीण नको, दोघींनाही मानणारी एखादी वयस्क बाई बघा. फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोन बहिणींचं बिनसलं होतं, पौल पत्रात दोघींना नावानिशी विनंती करतो की एकचित्त व्हा. कशावरून बिनसलं ते लिहीत नाही, कोणाची चूक तेही लिहीत नाही, पण तिसऱ्या एका सोबत्याला सांगतो की या दोघींना मदत कर, आणि लगेच आठवण करून देतो की या दोघींनी शुभवर्तमानासाठी माझ्याबरोबर कष्ट घेतलेत. हे पत्र तिथल्या मंडळीत मोठ्याने वाचलं गेलं असणार, दोघी तिथे बसलेल्या असताना. त्या सोबत्याला दिलेलं काम आज कोणाचं, तर पाळकांचं आणि वडीलजनांचं. म्हणून पाळकसाहेबांना मी आदरानं म्हणते की "क्षमा करा" हे वाक्य दुखावलेल्या बाईला सांगून तुमचं काम संपत नाही, दुसऱ्या बाईच्या घरीही जायला पाहिजे.

आणि हे वाचणाऱ्या कोणी सेक्रेटरीबाई असतील तर त्यांच्यासाठीही शास्त्रात सांगितलंय. मत्तय 5 मध्ये आहे की वेदीजवळ दान आणलंस आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणजे जिने दुखवलं तिनेही निघायचंय आणि जी दुखावली तिनेही निघायचंय, दोघी निघाल्या तर रस्त्यातच भेटतील. आपण दोघीही आपापल्या घरी बसून राहतो, तिनं आधी यावं म्हणून.

माफी मागितली नाही तर क्षमा कशाची, असं विचारलंत. मनातला सूड सोडणं हे तुमच्या हातात आहे, ते त्यांच्या माफीसाठी अडत नाही, वधस्तंभावर येशूने यांना क्षमा कर अशी प्रार्थना केली तेव्हा खाली कोणी माफी मागत नव्हतं. पण परत पहिल्यासारखं एकत्र चहा पिणं, परत विश्वासाने पैसे हातात देणं, त्याला दोघी लागतात आणि वेळ लागतो. पहिलं केलंत आणि दुसरं अजून जमत नाहीये म्हणून स्वतःला ढोंगी म्हणू नका. ज्या भावांनी विकलं त्यांना योसेफाने क्षमा केली पण ओळख देण्याआधी ते बदललेत का हे त्यानं पारखून बघितलं, यहूदा धाकट्या भावाच्या जागी स्वतः गुलाम राहायला तयार झाला तेव्हा त्याचा बांध फुटला.

आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण सांगते. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टर्सकडे, म्हणजे जोगिणींच्या मठात राहिल्या, तिथेच त्यांचा आणि लहान मनोरमाचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी आईमुलीसारखं नातं, रमाबाई त्यांना आजीबाई म्हणायच्या. आणि त्याच आजीबाईंशी त्यांचे किती खटके उडाले! रमाबाई शाकाहारी, तर त्यात सिस्टरना जुना जातीचा अभिमान दिसायचा. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असं निघालं, तर बिशप लोकांनी हरकत घेतली की हिंदुस्थानात परत गेल्यावर हिचं नाव जाईल. रमाबाईंना ते फार लागलं. 1885 च्या पत्रात त्यांनी सरळ लिहिलं की मी मोठ्या कष्टाने हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मानेवरून उतरवलंय, आता तसंच दुसरं जू घ्यायची माझी इच्छा नाही. आजीबाईंनीही कडक उत्तरं दिली, हिला गर्व झालाय असं त्यांना वाटत होतं. दोघी खऱ्या विश्वासणाऱ्या, दोघी एकमेकींनी दुखावलेल्या. पण पत्रं थांबली नाहीत. रमाबाई अमेरिकेला गेल्या, परत आल्या, 1889 मध्ये शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, आणि मधल्या वर्षांत पत्रव्यवहार चालूच होता. सिस्टर जेराल्डीननी ती पत्रं, स्वतःला टोचणारी सुद्धा, जपून ठेवली म्हणून 1977 मध्ये ती छापली गेली आणि आज आपल्याला वाचता येतात. त्यांचे सगळे मतभेद मिटले नाहीत. मला त्यात हे फार मोलाचं वाटतं की रमाबाईंनी आजीबाईंबद्दलचं गाऱ्हाणं आजीबाईंनाच लिहिलं.

प्रभुभोजनाबद्दल. घ्या, ताई. पौल करिंथमध्ये ज्याला अयोग्य प्रकारे घेणं म्हणतो ते मघाशी सांगितलं तेच, शेजारचा उपाशी असताना आपण खाऊन घेणं, म्हणजे मेजावर बसलेल्या माणसाला माणूस न समजणं. तुम्ही दुखावलेल्या आहात, रात्री झोप लागत नाही, तरी प्रभूकडे यायचंय तुम्हाला, अशांसाठीच तो मेज आहे. सूड मनात धरून ठेवायचाच असं ठरवलं असेल तर थांबा आणि आधी प्रार्थना करा. पण तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. आणि दुसऱ्या मंडळीत जाणं हे पाप नाही, फक्त बाईंना भेटून येण्याआधी मंडळीच्या यादीतलं नाव हलवू नका.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगते, कारण एका पत्रात तसा इशारा होता आणि ते पत्र मी इथे छापत नाही. हे सगळं एकमेकांच्या बोलण्या-वागण्यातून होणाऱ्या दुखावण्याबद्दल आहे. मारहाण, लैंगिक त्रास, मंडळीच्या पैशाचा अपहार यांना हे लागू करू नका. मुलांच्या बाबतीत तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे माहीत असूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. तिथे "मंडळीची बदनामी होईल, क्षमा करा, मिटवून टाका" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कोणी का असेना. ज्यांनी ते पत्र लिहिलं त्यांना मी स्वतंत्र उत्तर पाठवलंय.

प्रश्न 2

मावशी, जय ख्रिस्त. आमच्या घरच्यांनी काही वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. मी पुण्यात जॉब करतो, मंडळीच्या तरुण संघात गिटार वाजवतो. सगळे प्रेमाने वागतात पण बोलता बोलता आडनाव विचारून "मूळचे कोणते" हे येतंच. मागे एका अंकलनी सगळ्यांसमोर हसत हसत म्हटलं, हे नवीन लोक, यांना आपल्या पद्धती कुठे माहितीयेत. आणि माझ्या मित्राच्या लग्नाच्या बोलणीत मुलीकडच्यांनी जात स्पष्टच विचारली, ते पण ख्रिस्ती, हे पण ख्रिस्ती. सगळे मला सांगतात, प्रेमाने घे, मोठे आहेत. किती दिवस प्रेमाने घ्यायचं?
– एक तरुण, पुणे

उत्तर

बाळा, तुझ्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात, त्या आधी सोडवून घेऊ.

अंकल जे बोलले ते तुला बोलले. त्यांच्याकडे तू एकटा जा, वर ताईंना सांगितलं तसंच. बरेचदा अशा वडीलधाऱ्यांना आपण काय बोललो हे कळलेलंही नसतं, त्यांच्या डोक्यात तू "आपला मुलगा" असतोस म्हणून ते थट्टा करतात. जाऊन सांग की अंकल, नवीन म्हटलं की मला पाहुण्यासारखं वाटतं. त्यांना वेळ दे, एकदोनदा परत चुकतील, तेव्हा हसून आठवण करून दे. इथे सहनशीलता कामाला येईल.

दुसरी गोष्ट, जात विचारणं, ती फक्त तुझ्याबद्दलची नाहीच आणि ती तू एकट्याने गिळायची नाहीस. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाच. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंक्तीला जेवत होता, मग यरुशलेमहून काही यहूदी माणसं आली तसा तो बाजूला व्हायला लागला, त्याचं बघून बाकीचेही, बर्णबासुद्धा. पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं. पेत्राला, म्हणजे मंडळीतल्या सगळ्यात मोठ्या माणसाला! इथे त्यानं एकांतात का नाही सांगितलं? कारण पंगत सगळ्यांसमोर मोडली होती आणि ज्यांना उठवलं त्यांनी ते बघितलं होतं. पंक्तीतून एका गटाला वगळलं जातं तेव्हा ते मंडळीच्या समोर बोलायचं असतं. आणि हेही लक्षात ठेव की नातं तिथे तुटलं नाही, पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौलाला आपला प्रिय बंधू म्हटलंय.

याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला "तू तिथे उभा राहा" असं करणाऱ्यांना पक्षपाती म्हटलंय, ते तर सरळसरळ उपासनेतल्या बसण्याबद्दल आहे. आणि प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय मला फार आवडतो. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात वगळलं जातंय अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी त्यांना सहन करा असं सांगितलं नाही. सात जण निवडले आणि काम त्यांच्याकडे दिलं, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत, त्यातला निकलाव तर अंत्युखियाचा, आधी यहूदी धर्म स्वीकारलेला. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच माणसांच्या हातात वाटप आलं.

तेव्हा तरुण संघानं काय करावं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पॅस्टोरेट कमिटीला लेखी विनंती करा, चार-पाच जणांच्या सह्यांनी, भाषा नम्र ठेवा पण मुद्दा पातळ करू नका, की मंडळीत कोणालाही जात विचारली जाऊ नये आणि यावर एक बायबल स्टडी घ्यावा. पुढच्या वेळी कमिटीत नवीन विश्वासणाऱ्या कुटुंबातलं कोणीतरी असावं हेही लिहा. मित्राच्या लग्नाच्या बाबतीत पाळकांनी मुलीच्या घरी जाऊन बोलायला हवं, ते काम मुलाकडच्यांचं नाही.

आणि जुन्या कुटुंबातल्या वाचकांना मी कळकळीनं सांगते. नगर, जालना, औरंगाबाद या भागातल्या आपल्या बहुतेक मंडळ्यांचे पूर्वज महार आणि मांग समाजातून आले, ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं. काही थोडे कवी ना. वा. टिळकांसारखे ब्राह्मण घरातून आले आणि घरच्यांना मुकले. त्या सगळ्यांनी एका प्याल्यातून प्रभुभोजन घेतलं तेव्हा लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. त्यांच्या पणतवंडांनी चर्चच्या दारात उभं राहून कोणाला मूळचे कोणते विचारावं हे मला बघवत नाही.

बाळा, तू गिटार सोडू नकोस. रागाने ग्रुप सोडून जाणं सोपं आहे आणि कोणी तुला दोषही देणार नाही, पण तुझ्यामागून येणाऱ्या मुलांना कमिटीसमोर बोलायला तू तिथे असायला हवास. थकलास तर मात्र थोडं थांब, सगळं तुझ्या एकट्याच्या खांद्यावर नाहीये, आणि मला परत लिही.

प्रश्न 3

आमच्या उपासनेत एक आजोबा उत्स्फूर्त प्रार्थनेला उभे राहिले की थांबतच नाहीत, सगळं उत्पत्तीपासून सुरू करतात. तरुण मुलं मोबाइल काढतात. वर नवीन कोरस आणि ड्रम की जुनी पेटी-तबल्यावरची भजनं यावर दर आठवड्याला तणाव. मला सगळ्यांचाच राग येतो आणि उपासनेत मन लागत नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर

दादा, यासाठी कोणाच्या घरी जाऊन अपराध दाखवायची गरज नाही. नीतिसूत्रांच्या 19 व्या अध्यायात अपराधाची गय करणं हे माणसाचं भूषण म्हटलंय, ते अशाच गोष्टींसाठी. मी स्वतः एवढंच बघते की यात कोणाचं नुकसान होतंय का आणि माझं त्या माणसाशी बोलणं बंद झालंय का. दोन्हीला नाही असं उत्तर असेल तर सोडून द्यायचं, आणि सोडलं की परत घरी जेवताना काढायचं नाही.

पद्धतींबद्दल म्हणाल तर 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र आल्या. त्यात अँग्लिकन होते, मेथडिस्ट होते, बाप्टिस्टही होते, म्हणजे काही जण बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि काही जण मोठं झाल्याशिवाय देणं चूक मानणारे. हा काही पेटी की ड्रम एवढा प्रश्न नव्हता. त्यासाठी वर्षानुवर्षं बोलणी चालली आणि शेवटी दोन्ही पद्धती ठेवल्या. रोमकरांस पत्राचा 14 वा अध्याय घरी एकदा सावकाश वाचा, एकजण सगळं खातो, दुसरा फक्त भाजीपाला खातो, आणि पौल दोघांनाही सांगतो की दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण.

उपासना चालवणाऱ्यांना सुचवून बघा की प्रार्थनेसाठी तिघांना आधीच सांगून ठेवा, एकाला आजाऱ्यांसाठी, एकाला मंडळीसाठी, एकाला देशासाठी. आजोबांना आजाऱ्यांसाठी द्या, म्हणजे प्रार्थना आपोआप आटोपशीर होईल आणि त्यांचा मानही राहील. एकदा त्यांच्या घरी जाऊन या आणि ते कोणाकोणासाठी प्रार्थना करतात ते विचारा. मुलांच्या मोबाइलबद्दल टोकण्याआधी बघून घ्या, अर्धी मुलं त्यावर बायबलच उघडून बसलेली असतात. बाकीच्यांपैकी एकाला पुढच्या रविवारचं शास्त्रवाचन द्यायला पाळकांना सांगा, आणि त्याला वाचताना अडलं तर सांगायला आजोबांना शेजारी बसवा.